रानात कोण गेले होते?

संशोधन हा शब्द आता आपल्या घरांत रुळला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली इथल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांत आज घरातले पहिलेच कोणी एम.ए. किंवा एम.एस्सी. करत आहे, कोणी पीएच.डी.ला नाव नोंदवत आहे. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. तोवर या कामांसाठी नागपूरच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आणला. पूर्वी मोजक्यांनी करायचे काम आता वर्गातल्या बहुतेकांच्या वाट्याला आले आहे.

नेमके याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस, चॅटजीपीटी लोकांसमोर आले. त्यामागोमाग तशीच इतर साधने आली. आता ती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. ‘गडचिरोली जिल्ह्यातील तेंदूपाने गोळा करणाऱ्या स्त्रियांची आर्थिक स्थिती’ असा विषय टाका. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी, असे सगळे दोन-चार मिनिटांत समोर येते. भाषाही नेटकी असते. मुलगा किंवा मुलगी रात्रभर जागून जे लिहू शकली नाही ते असे तयार मिळते, तेव्हा घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे, फोन काढून घ्या. दुसरा म्हणतो, सगळेच करतात, आपल्याच लेकराने मागे का राहावे?

या दोन्ही सुरांना घाईने उत्तर देण्यात अर्थ नाही. फोन काढून घेतल्याने प्रश्न सुटत नाही, कारण या साधनांचे काही उपयोग खरोखरच चांगले आहेत, विशेषतः आपल्या मुलांसाठी. आणि सगळे करतात म्हणून केले तर काय हरवते, ते या दोन जिल्ह्यांइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. म्हणून या महिन्यात आम्ही हा प्रश्न इथूनच समजून घेणार आहोत.

यंत्राला काय माहीत असते?

हे यंत्र आधी लिहिल्या गेलेल्या प्रचंड मजकुरावर शिकवलेले असते. एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते त्यातून शिकते आणि त्या अंदाजाने वाक्ये जुळवत जाते. ज्या विषयावर भरपूर आणि चांगले लिहिले गेले आहे, तिथे त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. ज्यावर थोडेच लिहिले गेले आहे, तिथेही ते गप्प बसत नाही. रिकामी जागा ते शोभेल अशा मजकुराने भरते. आकडा शोभेल असा, गावाचे नाव शोभेल असे, पुस्तकाचे नाव आणि वर्षही शोभेल असेच. खरे-खोटे ठरवणारा कोणी त्याच्या आत बसलेला नाही. आता काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत. आणि जे इंटरनेटवर नाहीच ते त्यांनाही सापडत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल इंटरनेटवर किती आहे? ताडोब्याच्या वाघांबद्दल पुष्कळ आहे. पण भामरागडच्या माडिया घरांत मोहफुले कशी वाळवतात, झाडीपट्टीच्या दंडारीत पूर्वी कोणती सोंगे येत, सिरोंच्याच्या बाजारात एकाच वेळी मराठी, तेलुगू आणि गोंडी कशी बोलली जाते, बल्लारपूरच्या कागद गिरणीत आलेली मुस्लिम कुटुंबे कुठून आली आणि कोणत्या मोहल्ल्यात राहिली, याबद्दल लिहिलेले फार थोडे सापडेल. हे सगळे माणसांच्या तोंडी आहे. जुन्या वह्यांत, ग्रामसभेच्या ठरावांत, मशिदीच्या आणि दर्ग्याच्या हिशेबवह्यांत आहे. यंत्र तिथवर पोचलेले नाही. तिथे पोचायला माणूसच लागतो, आणि त्या पोचण्यालाच संशोधन म्हणतात.

गडचिरोलीचे आकडे कुठून आले?

या जिल्ह्यातून जगभर गेलेले संशोधन कसे झाले, ते आपल्या मुलांना माहीत असायला हवे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत गडचिरोलीत काम सुरू केले. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तो केला होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचे निघाले, आणि बहुतेकींची तोवर कधी तपासणीच झाली नव्हती. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता होत असे. या आकड्याने जगाचे लक्ष दुसरीकडे वळवले.

१९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बाळांविषयीचा त्यांचा अभ्यास आला. गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बाळांची काळजी घेतली गेली आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. प्रशिक्षित स्त्रिया होत्या त्या गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली.

यातली तिसरी गोष्ट आमच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातील निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांतील बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले होते. प्रत्यक्षात दगावणारी मुले सरकारी नोंदीतल्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यातून उघड झाले. कागदावर एक आकडा होता आणि झोपड्यांत दुसरा.

आता कल्पना करा, त्या काळी हे यंत्र असते आणि एखाद्या विद्यार्थ्याने त्याला बालमृत्यूचा आकडा विचारला असता. त्याने कागदावरचाच आकडा दिला असता, तोही अगदी आत्मविश्वासाने, सुबक तक्त्यात. विद्यार्थ्याने तो प्रबंधात लिहिला असता, दुसऱ्याने त्या प्रबंधाचा संदर्भ दिला असता, आणि मेलेली मुले नोंदीतून दुसऱ्यांदा पुसली गेली असती. आकडा बदलला, कारण कोणीतरी दारोदार जाऊन विचारले, ‘बाई, या वर्षी घरात काय झाले?’

वडीलधाऱ्यांचा शब्द

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेली ही पहिली गावे मानली जातात. एकट्या मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १८०० हेक्टर आहे. हा हक्क मिळण्याआधी गावाने कितीतरी वर्षे अभ्यास गट चालवला होता. गावकरी एकत्र बसत, बाहेरच्या जाणकारांना बोलावून विषय समजून घेत, आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत. अभ्यास हे फक्त विद्यापीठाचे काम नसते, हे त्या गावाने दाखवून दिले.

वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणकोणते पुरावे चालतात याची यादी आहे. त्यात सरकारी कागदपत्रांबरोबरच विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांच्या खुणा आहेत, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. वृद्ध माणसाची आठवण हा इथे कायद्याने मानलेला पुरावा आहे. अशा ठिकाणी एखाद्या विद्यार्थ्याने यंत्राला सांगितले, ‘पाच वृद्धांच्या मुलाखती तयार कर’, आणि त्या प्रबंधात छापल्या, तर त्याने फक्त गृहपाठात लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्याने न भेटलेल्या माणसांच्या तोंडी शब्द घातले. उद्या कोणी त्या प्रबंधाच्या आधारे हक्क मागेल किंवा नाकारेल, तेव्हा ते खोटे शब्द साक्षीला उभे राहतील.

सनद तुटली की

आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. हदीसच्या विद्वानांनी मजकुराइतकेच लक्ष सनदेकडे दिले. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट होऊ शकत होती का, सांगणारा स्मरणशक्तीने आणि चारित्र्याने कसा होता, याची छाननी करणारे ‘रिजाल’ हे वेगळे शास्त्रच उभे राहिले. मजकूर कितीही सुंदर असो, साखळी तुटलेली असेल तर रिवायत कमजोर ठरे. आणि रचलेली असेल तर ती ‘मौजू’ म्हणून बाजूला काढली जाई. एकेका रिवायतीसाठी लोकांनी महिनोन् महिने प्रवास केले. इमाम मालिक यांच्याबद्दल असेही सांगतात, की त्यांना विचारलेल्या बऱ्याच प्रश्नांना ते ‘मला माहीत नाही’ असेच उत्तर देत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

प्रबंधाच्या शेवटी असलेली संदर्भसूची ही त्या संशोधनाची सनद आहे. नव्या यंत्राची सर्वांत मोठी खोड नेमकी इथे आहे. ते नसलेली पुस्तके आणि नसलेले लेख रचून देते. लेखकाचे नाव खरे, नियतकालिकाचे नाव खरे, वर्ष आणि पृष्ठेही दिलेली. पण तसा लेख कधी छापलाच गेलेला नसतो. धार्मिक विषयावर विचारले तर हदीसचा क्रमांक आणि ग्रंथाचे नावही ते असेच चिकटवू शकते. शेख महंमद श्रीगोंदेकरांच्या नावावर त्यांनी न लिहिलेली ओवीही ते घालू शकते. उर्दू, अरबी किंवा जुन्या मराठी साहित्यावर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी इथे फार सावध राहावे.

हे फक्त विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडते असे नाही. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला न्यायालयाने ५००० डॉलर दंड केला, कारण त्यांनी सादर केलेले न्यायनिवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दाखवलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये, आधी पडताळावे, असे न्यायालयाने बजावले. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेच्या विज्ञानविषयक नियतकालिकात एक लेख असा छापला गेला, की त्याच्या प्रस्तावनेचे पहिलेच वाक्य यंत्राने वापरणाऱ्याला दिलेले उत्तर होते: ‘नक्कीच, ही घ्या तुमच्या विषयाची प्रस्तावना’ अशा अर्थाचे. लेखकांनी, परीक्षकांनी, संपादकांनी कोणीच ते वाचले नव्हते. लेख पुढे मागे घ्यावा लागला.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम २०१८ पासून लागू आहेत. प्रबंधातील मजकूर इतरत्रच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. हे सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर शोधते. यंत्राने नव्याने जुळवलेली वाक्ये कुठेच जशीच्या तशी नसतात, म्हणून टक्केवारी कमी येते. ‘माझे फक्त सहा टक्के आले’ याचा अर्थ काम खरे आहे असा होत नाही. न झालेल्या मुलाखती आणि नसलेली पुस्तके त्या सहा टक्क्यांत दिसत नाहीत. काही ठिकाणी प्रकल्प ‘करून देण्याची’ जाहिरात याच टक्केवारीच्या हमीवर चालते. तिथे पैसे मोजण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावे.

शोधनियतकालिकांच्या बाबतीत ‘कोप’ ही प्रकाशन-नीतीची आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिने फेब्रुवारी २०२३ मध्येच स्पष्ट केले, की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर कोणते साधन, कशासाठी वापरले हे लेखात सांगावे, आणि चुकीची जबाबदारी माणसाचीच राहील. मोठ्या प्रकाशनसंस्थांचे नियम साधारण याच धर्तीवर आहेत. आपल्या विद्यापीठाचा किंवा नियतकालिकाचा नेमका नियम काय आहे, ते मार्गदर्शकांना आधी विचारून घ्यावे.

लेख छापून आणण्याच्या घाईबद्दलही दोन शब्द. प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती २०२२ च्या पीएच.डी. नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी. आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थेवर आणि संशोधकावर आहे. चार दिवसांत लेख छापून देतो, फक्त फी भरा, असे कोणी म्हणत असेल तर तो लेख कोणी वाचणार नाही हे समजून असावे. एकट्या २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक शोधलेख मागे घेण्यात आले. त्यांतले बहुतेक एकाच प्रकाशनगटाच्या नियतकालिकांतले होते, आणि विकत लिहून मिळणारे लेख हे त्यामागचे मोठे कारण होते. मागे घेतलेला लेख नावापुढे कायम राहतो.

मदत कुठे घ्यावी?

आता चांगली बाजू. आपल्या मुलांपैकी अनेकांनी घरात दखनी किंवा उर्दू, गल्लीत झाडीबोली किंवा तेलुगू, शाळेत मराठी, आणि प्रबंधासाठी इंग्रजी असा प्रवास केलेला असतो. त्यांचे विचार चांगले असतात, पण वाक्य अडखळते. आजवर शहरातल्या ओळखीच्या प्राध्यापकांचे घर ज्याच्या जवळ, त्याचेच इंग्रजी कोणीतरी तपासून देत असे. ती सोय आता मोबाईलवर आली असेल तर तिचा लाभ घेण्यात काही गैर नाही.

स्वतः लिहिलेल्या परिच्छेदाचे व्याकरण दुरुस्त करून घ्यावे. इंग्रजी लेखातला अवघड भाग सोप्या मराठीत समजून घ्यावा आणि मग मूळ लेख पुन्हा वाचावा. प्रश्नावलीतला प्रश्न गावातल्या बाईला कळेल असा आहे का, हे यंत्राला विचारून पाहावे; अंतिम परीक्षा मात्र त्या बाईसमोरच होईल. मौखिक परीक्षेच्या तयारीसाठी ‘माझ्या कामावर कठीण प्रश्न विचार’ असे सांगावे. हा फार उपयोगी सराव आहे. भाषांतरासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदिवाणी’ या साधनात गोंडीही आहे. ती चांगली सुरुवात आहे, पण गोंडीही गावोगाव बदलते आणि माडियाची तऱ्हा निराळी. तिथे गावातल्या दुभाष्याला पर्याय नाही.

यंत्राकडून घेऊ नयेत अशा गोष्टी चारच आहेत. आकडे, माणसांची विधाने, संदर्भ आणि निष्कर्ष. या चारही गोष्टी स्वतः जाऊन, मोजून, वाचून, विचार करून आणायच्या. यंत्राने एखादे पुस्तक किंवा लेख सुचवला तर आधी तो खरोखर आहे का ते पाहावे, मग उघडून ते पान वाचावे, आणि मगच सूचीत घालावे. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कोणी काय काम केले हे तिथे दिसते. जे पान डोळ्यांनी वाचले नाही, त्याचा संदर्भ देऊ नये. एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक घोटाळे टळतील.

वापर केला तर लपवू नये. प्रबंधात एक छोटी नोंद पुरते. उदाहरणार्थ: ‘या प्रबंधातील इंग्रजी भाषेच्या दुरुस्तीसाठी मी अमुक साधनाचा अमुक महिन्यात वापर केला आहे. माहितीसंकलन, मुलाखती, संदर्भ व निष्कर्ष माझे आहेत आणि संपूर्ण मजकुराची जबाबदारी माझी आहे.’ अशी नोंद लिहिताना हात अडखळत असेल, तर कुठे जास्त मदत घेतली हे आपल्याला आपोआप कळते.

कोणाची गोष्ट, कोणाची अमानत

एक धोका विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण किंवा नोंदी जशाच्या तशा यंत्रात टाकून ‘याचा सारांश दे’ म्हणणे सोपे वाटते. पण त्या बाईने आपल्या आजाराबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल, जमिनीच्या वादाबद्दल तुम्हाला विश्वासाने सांगितलेले असते. ती गोष्ट तिने एखाद्या परदेशी कंपनीच्या संगणकाला सांगितलेली नाही. गडचिरोलीसारख्या, नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षात कित्येक वर्षे होरपळलेल्या जिल्ह्यात कोण काय बोलले ही जिवावर बेतणारी बाब होऊ शकते. सांगणाऱ्याचे नाव, गाव, पाडा यंत्रात टाकू नये. सारांश हाताने करावा. लोकांची गोष्ट ही अमानत आहे, आणि अमानत परवानगीवाचून तिसऱ्याच्या हाती देता येत नाही. मार्गदर्शकांनी आणि लेखांच्या परीक्षकांनीही दुसऱ्याचे अप्रकाशित काम यंत्रात टाकू नये. त्यालाही हाच न्याय लागतो.

शिक्षकांना एक विनंती

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने बाजारात आहेत. त्यांच्या निकालावर कोणाचे वर्ष बुडवू नये. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले होते. साधी वाक्ये आणि मोजके शब्द वापरणारा विद्यार्थी त्यात आधी सापडतो, म्हणजे आपलाच मुलगा किंवा मुलगी. शंका आली तर समोर बसवून विचारावे. जो खरोखर गेला असेल, तो वाटेतला नालाही सांगेल. विद्यार्थ्यांनीही क्षेत्रभेटीची तारखेनिशी वही, कच्चे मसुदे आणि प्रवासाच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. आरोप झालाच तर हीच त्यांची बाजू मांडतील.

घरातल्यांनी काय विचारावे?

अनेक आई-वडील म्हणतात, आम्ही शिकलेलो नाही, या प्रबंधातले आम्हाला काय कळणार? त्यांना आमचे सांगणे आहे की तुम्हाला तीन प्रश्न विचारता येतात, आणि त्यांना पदवी लागत नाही. तू कुठे गेलीस? कोणाला भेटलीस? ज्या पुस्तकाचे नाव दिलेस ते स्वतः वाचलेस का? रोज जेवताना यांतला एक प्रश्न विचारा. उत्तर देताना लेकराचा चेहरा खुलला तर समजा काम नीट चालले आहे. उत्तर चाचरत आले तर रागावू नका. बहुतेक वेळा त्यामागे लबाडीपेक्षा भीती असते. इंग्रजीची भीती, मार्गदर्शकांची भीती, एकटीने आडगावात जाण्याची भीती. ती भीती घराला कमी करता येते. मुलीला एटापल्ली किंवा जिवतीच्या एखाद्या गावात मुलाखतीला जायचे असेल तर अब्बांनी किंवा भावाने एक दिवस काढून सोबत जावे. हजारो रुपये देऊन प्रकल्प लिहून घेण्यापेक्षा बसचे तिकीट स्वस्त आहे.

आणि विषय निवडताना मुलांना आपल्या अंगणाकडे पाहायला सांगा. आपल्या गावातले विणकर, खाणीत काम केलेले चाचा, तेंदूपानांच्या हंगामात फिरणारे व्यापारी, कागद गिरणीतून निवृत्त झालेले शेजारी, दंडारीत ढोलकी वाजवलेले म्हातारे, गावठी औषधे जाणणारी दाई. या माणसांबद्दल यंत्राला काही माहीत नाही, आणि ती काही कायम आपल्यात राहणार नाहीत. त्यांचे बोलणे आज तारीख, जागा आणि परवानगीसह कोणी नीट लिहून ठेवले, तर दहा वर्षांनी यंत्रही तेच सांगेल, आणि ते खरे असेल. लिहिले नाही, तर ते आपल्याबद्दल मनाने काहीतरी रचून सांगत राहील, आणि आपली नातवंडे ते खरे मानतील.